‘आठवत नाही’ हेही लिहून घ्या

मागे बसलेल्याच्या मनगटाला धागा बांधलेला होता. देवळात बांधतात तसा लाल-पिवळा, आणि त्याचं एक सुटं टोक वाऱ्यावर फडफडत होतं. नाशिकच्या गंगापूर रोडवर सकाळी सव्वासहाच्या सुमारास माझं मंगळसूत्र ओढलं गेलं, त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. तो धागा आजही डोळ्यांसमोर आला की पीळ मोजता येतील इतका स्पष्ट दिसतो. मंगळसूत्राची वाटी तुटून डांबरावर पडल्याचा बारीक आवाजही कानातून गेलेला नाही. बाकी त्या दिवशी पोलीस ठाण्यात मी जे सांगितलं, त्यातलं निम्मंअधिक चुकीचं निघालं.

मी जिल्हा न्यायालयात बावीस वर्षं फौजदारी वकिली करते, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूनं. जबाब म्हणजे काय, त्यातला एकेक शब्द पुढे कुणाच्या गळ्याशी येतो, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरीही त्या खुर्चीत मी इतर कुणाही फिर्यादीसारखीच बसले होते. ठाणे अंमलदार भला माणूस होता. त्यानं पाणी दिलं, पंखा माझ्याकडे वळवला. संगणकापुढच्या शिपायानं विचारायला सुरुवात केली. गाडी कुठली, रंग कोणता, चालवणारा कसा होता, मागचा कसा होता, वय, उंची, अंगात काय होतं. मी अडखळले की तो बिचारा मदत करायचा. ‘सावळा होता का ताई? पंचवीस-तिशीतला असेल ना?’ मी मान हलवायचे. मान हलवली की पुढचा प्रश्न यायचा, आणि मला फक्त घरी जायचं होतं.

फिर्याद तयार झाली. लाल रंगाची मोटारसायकल. पाठीमागे बसलेला इसम वय अंदाजे २५ ते ३० वर्षे, रंग सावळा, बांधा मध्यम. दोन ते तीन मिनिटे झटापट झाली. मी आरडाओरडा केला. सदर इसमास पुन्हा पाहिल्यास मी ओळखू शकेन. खाली माझी सही.

दोन दिवसांनी समोरच्या सोसायटीच्या कॅमेऱ्यातलं चित्रण पाहिलं. गाडी काळी होती. चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट, मागच्याच्या तोंडाला डोळ्यांपर्यंत रुमाल. सगळा प्रकार चार सेकंदांत संपला होता. आणि मी ओरडले वगैरे काही नव्हते. गळ्यावर हात ठेवून, एक शब्द न बोलता, जवळपास मिनिटभर रस्त्याच्या कडेला उभी होते. एक दूधवाला थांबला तेव्हा हलले.

लाल रंग धाग्याचा होता. तो गाडीला जाऊन चिकटला. चेहरा मी पाहिलाच नव्हता, कारण दिसत नव्हता; तो त्या टेबलावर प्रश्नोत्तरांतून तयार झाला आणि मला माझाच वाटू लागला.

त्यानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचत सुटले. जिवावर बेतलं आहे असं वाटतं त्या क्षणी मेंदूतला अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग सूत्रं हाती घेतो, ॲड्रिनलिन उसळतं, आणि जे धोक्याचं किंवा अगदी नजरेसमोरचं असेल ते खोल कोरलं जातं. सुरा असेल तर सुरा, हात असेल तर हात. मानसशास्त्रज्ञांना हे शस्त्राबद्दल फार आधीपासून ठाऊक आहे: शस्त्र दिसलं की नजर तिथेच खिळते आणि ते धरणाऱ्याचा चेहरा निसटतो. घटनेचा क्रम, वेळ, आजूबाजूचं एकसंध चित्र बांधण्याचं काम मेंदूतल्याच हिप्पोकॅम्पस या भागाचं, आणि प्रचंड ताणात नेमकं तेच काम विस्कटतं. म्हणून आघातातून गेलेल्या माणसाची आठवण तुकड्यातुकड्यांची असते. एक तुकडा काचेसारखा लख्ख, शेजारचा गायब, आणि कोणता आधी कोणता नंतर याचा पत्ता नाही.

मनानं दुबळी माणसंच अशी विसरतात असा समज असेल, तर अमेरिकी लष्करातला एक अभ्यास वाचावा. चार्ल्स मॉर्गन आणि सहकाऱ्यांनी तो २००४ मध्ये प्रसिद्ध केला. शत्रूच्या हाती सापडलो तर कसं तगायचं याचं प्रशिक्षण घेणारे पाचशेहून अधिक जवान त्यात होते. प्रत्येकाची अर्ध्या तासाहून जास्त वेळ समोरासमोर उलटसुलट चौकशी झाली. काही चौकश्या साध्या, काही अंगावर धावून जाणाऱ्या. दिवसभरानं ओळखपरेड घेतली. साध्या चौकशीतला माणूस ६२ टक्के जवानांनी बरोबर ओळखला. अंगावर धावून आलेला माणूस ओळखता आला फक्त ३० टक्क्यांना. हे कसलेले, निवडलेले तरुण होते, चौकशी करणारा भरपूर उजेडात त्यांच्यासमोर बसला होता, आणि त्यानं रुमालही बांधलेला नव्हता.

आता माझ्या व्यवसायाबद्दल. साक्षीदार पोलिसांपुढे एक बोलला आणि न्यायालयात दुसरं, तर ती विसंगती त्याच्यापुढे ठेवायची हे उलटतपासणीचं मुख्य हत्यार आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात ते कलम १४५ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम आला, तरी हत्यार तेच आहे. मी ते शेकडो वेळा चालवलं. ‘जबाबात निळा शर्ट म्हणालात, आज पांढरा म्हणता, मग खरं कधी बोललात?’ साक्षीदार गोंधळतो, कठड्यावर हात घासतो, न्यायाधीश लिहून घेतात. खूप वर्षांपूर्वीच्या एका खटल्यात मी युक्तिवाद केला होता की फिर्यादी बाईनं आरडाओरडा केला नाही, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, म्हणजे तिच्या सांगण्याप्रमाणे काही घडलंच नसावं. माझा अशील सुटला. तो दोषी होता की नव्हता हे मला आजही ठाऊक नाही, पुरावा खरोखरच कच्चा होता, आणि त्याची बाजू मांडणं हे माझं कर्तव्य होतं. पण तो एक युक्तिवाद माणसांबद्दल खोटा होता. माणसं गोठतात. कॅमेऱ्यात स्वतःला गोठलेलं पाहिल्यावर मला ती बाई आठवली, तिची हिरवी पर्स मांडीवर घट्ट धरून बसण्याची ढब आठवली.

सर्वोच्च न्यायालयानं १९८३ मध्येच, गुजरातेतल्या भरवाडा भोगीनभाई हिरजीभाई खटल्यात, स्पष्ट सांगून ठेवलं आहे की साक्षीदाराची स्मरणशक्ती छायाचित्रासारखी असेल अशी अपेक्षा धरू नये. मनाच्या पडद्यावर व्हिडिओ टेप पुन्हा लावल्यासारखी आठवण येत नसते. त्या निकालाचा आधार सरकारी वकील सतत घेतात, आणि बारीकसारीक विसंगतींना महत्त्व देऊ नका असं सांगतात. निकाल शहाणा आहे. पण तो कामी येतो तो सगळ्यात शेवटी, निकालपत्र लिहिताना. आठवण वाकते ती सुरुवातीला, पहिल्या टेबलावर. तिथे काय घडतं याकडे कुणी बघत नाही, आणि माझा सगळा आक्षेप तिथेच आहे.

आपल्याकडच्या जबाबाला एक साचा आहे. ‘समक्ष विचारले वरून सांगते की’ इथून तो सुरू होतो आणि ‘माझे सांगणेप्रमाणे बरोबर व खरा आहे’ इथे संपतो. मधली भाषा सांगणाऱ्याची नसते. भेदरलेली बाई म्हणते, ‘तो हात... आणि मग मी खालीच... मला ते... धागा होता हो.’ कागदावर उतरतं, ‘त्यावेळी सदर अनोळखी इसमाने माझे गळ्यातील मंगळसूत्र बळजबरीने ओढून नेले.’ तुकडे गेले, अडखळणं गेलं, मधल्या रिकाम्या जागा गेल्या. शिवाय साच्याला रिकामी जागा चालत नाही. वय पाहिजे, रंग पाहिजे, बांधा पाहिजे, वाहनाचं वर्णन पाहिजे. शिपाई ते मुद्दाम करत नाही. वर्णन नसलेला जबाब वरच्या साहेबाला अपुरा वाटतो आणि त्यालाच बोलणी बसतात. मग माहिती नसेल तिथे अंदाज येतो, आणि अंदाज सहीखाली गेला की वस्तुस्थिती होतो.

प्रश्नातला एक शब्द आठवणीला कुठे नेऊ शकतो, याचा मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांचा १९७४ चा प्रयोग जगभर शिकवला जातो. विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली. ‘गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता’ असं सौम्य शब्दांत विचारल्यावर सरासरी उत्तर आलं ताशी सुमारे ३२ मैल. ‘एकमेकींवर आदळून चुराडा झाला’ अशा शब्दांत विचारल्यावर तेच ४१ च्या घरात गेलं. याच प्रयोगाच्या दुसऱ्या भागात आठवड्यानं विचारलं की फुटलेली काच पाहिलीत का. फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती. साधा शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांना ती दिसली होती, चुराड्याचा शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांना. ही मुलं वर्गात निवांत बसली होती. पोलीस ठाण्यात बसलेल्या बाईचे हात कापत असतात.

म्हणून मागणी अगदी साधी आहे. जबाबात ‘आठवत नाही’ आणि ‘दिसलं नाही’ ही उत्तरं जशीच्या तशी लिहिली जावीत. प्रत्येक रकाना भरलाच पाहिजे हा आग्रह जावा. पहिलं सांगणं मध्ये न तोडता ऐकावं, आणि मोबाइलवर का होईना, त्याचं ध्वनिमुद्रण व्हावं. साक्षीदाराचा जबाब ध्वनिचित्रमुद्रित करायला कायद्याची आडकाठी नाही, कायदा तशी मुभा देतो, फक्त ती वापरायची सवय नाही. तातडीचा तपास, वैद्यकीय तपासणी, नाकाबंदी यासाठी लागेल तेवढं त्या तासाला विचारावं आणि बारकावे एकदोन रात्रींच्या झोपेनंतर. इथे माझेच सहकारी वकील उभे राहतील हे मला माहीत आहे. उशिरा घेतलेल्या पुरवणी जबाबावर आम्ही तुटून पडतो, ‘मागाहून शिकवलेला’ म्हणतो. म्हणूनच तो उशीर तपासी अंमलदाराच्या मर्जीवर नको. लेखी कार्यपद्धतीच तशी असली, तर त्या उशिरातून संशय काढायला आम्हाला जागा राहणार नाही.

कुणी म्हणेल, मग फिर्यादीनं काहीही सांगावं आणि चुकलं की आघाताकडे बोट दाखवावं का? हा प्रश्न रास्त आहे, आणि मी आरोपींची वकील आहे, मला तो इतर कुणाहून जास्त टोचतो. विस्कळीत सांगणं म्हणजे खोटं नव्हे, एवढंच आघाताच्या अभ्यासातून निघतं; विस्कळीत सांगणं म्हणजे खरं, असं निघत नाही. आणि उलट बाजूही तितकीच लक्षात ठेवायला हवी: ठाम सांगणं म्हणजे अचूक नव्हे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामध्ये १९८४ साली बलात्कार झालेल्या एका तरुणीनं त्या प्रसंगातही हल्लेखोराचा चेहरा निश्चयानं न्याहाळून ठेवला होता. तिनं छायाचित्रांतून, मग ओळखपरेडमध्ये आणि मग न्यायालयात रोनाल्ड कॉटनकडे बोट दाखवलं. पुढच्या सुनावणीत खरा गुन्हेगार तिच्यासमोर आणला गेला, तेव्हा याला मी कधी पाहिलंच नाही असं तिनं सांगितलं. कॉटन दहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता. १९९५ मध्ये डीएनए चाचणीनं सुटला. ती खोटारडी नव्हती. प्रत्येक वेळी ओळखताना तिच्या मनातला मूळ चेहरा थोडा थोडा पुसला जात होता आणि कॉटनचा चेहरा त्या जागी बसत होता.

मलाही ठाण्यात छायाचित्रांचा अल्बम दाखवला होता, चित्रण मिळायच्या आदल्या दिवशी. पाच-सहा पानं उलटल्यावर एका चेहऱ्यावर माझं बोट थांबलं. सावळा, पंचविशीतला. छातीत धडधडलं, आणि त्या धडधडीलाच मी पुरावा समजले. ‘हा वाटतो’ असं म्हणणार तेवढ्यात फोन वाजला, मुलीचा होता, आणि बोलून होईपर्यंत तो जोर ओसरला. मी ‘नक्की नाही’ म्हणाले. जो चेहरा मी पाहिलाच नव्हता त्यासाठी कुणाचा तरी मुलगा त्या दिवशी उचलला गेला असता. हे लिहिताना आजही मला धस्स होतं. अल्बम दाखवणाऱ्या अंमलदाराला संशयित कोण ते माहीत नसावं, इतकी साधी खबरदारीसुद्धा आपण घेत नाही. साक्षीदार समोरच्याच्या भुवईकडे बघत असतो.

गोदाकाठच्या जुन्या माणसांना पूर किती आला होता विचारा. कुणी स्वतःच्या आठवणीतले फूट सांगत बसत नाही. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी लागलं, गुडघ्याला, छातीला की गळ्याला, एवढं सांगतात. १९६९ चा पूर असो, २००८ चा असो की २०१६ चा, मोजायचं ते मारुतीवर. माणसाच्या आठवणीला जे पेलतं ते तिला विचारावं, बाकीचं बाहेरच्या खुणेवर मोजावं, ही समज या शहराच्या अंगवळणी पडलेली आहे. गाडीचा रंग कॅमेऱ्याला विचारा. धागा मला विचारा.

आणि हे नाशिकनंच सुरू करावं असं मला वाटतं, याला कारण आहे. त्र्यंबक रोडवर महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे. राज्याचे उपनिरीक्षक शतकाहून अधिक काळ तिथून घडून बाहेर पडतात. दिंडोरी रोडला म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. शिकवायला पद्धतही तयार आहे. रोनाल्ड फिशर आणि एडवर्ड गाइझलमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात साक्षीदाराची मुलाखत घेण्याची पद्धत विकसित केली: आधी त्याला त्या जागेत, त्या वेळेत मनानं परत जाऊ द्यायचं, मग मध्ये न बोलता सगळं सांगू द्यायचं, सुचवणारा प्रश्न विचारायचा नाही. इंग्लंडच्या पोलिसांनी १९९० च्या दशकात त्या धर्तीवर आपलं प्रशिक्षण बदललं. आपल्याकडेही बालकांच्या बाबतीत पाऊल पडलंच आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्यानं मुलाचा जबाब शक्यतो त्याच्या घरी, बिनगणवेशातल्या अधिकाऱ्यानं घ्यावा असं सांगितलं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक जिल्ह्यात असुरक्षित साक्षीदारांसाठी स्वतंत्र साक्ष केंद्र हवं म्हणून आदेश दिले. जे मुलाला लागू आहे, ते भेदरलेल्या प्रौढाच्या मेंदूला लागू नाही असं मानायला काही आधार नाही. अकादमी आणि विद्यापीठ एकाच शहरात असताना, साक्षीदाराला कसं विचारावं याचा अभ्यासक्रम इथे तयार झाला नाही तर कुठे होणार?

वेळही थोडा आहे. २००३ च्या सिंहस्थात २७ ऑगस्टला झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ जण गेले. २१ एप्रिल २०२१ ला महापालिकेच्या रुग्णालयातल्या ऑक्सिजन टाकीची गळती झाली, त्या दिवशी २२ रुग्णांचा जीव गेला. अशा प्रत्येक घटनेनंतर चौकशी बसते आणि वाचलेल्यांना, नातेवाइकांना, ड्युटीवरच्या माणसांना बोलावून विचारलं जातं: किती वाजले होते, दार उघडं होतं की बंद, आधी कोण धावलं? नेमकी हीच गोष्ट, वेळ आणि क्रम, त्यांच्याकडे सगळ्यात कमी शाबूत असते. एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही, आणि मग लोक लपवतायत, कुणीतरी पढवलंय, असा सूर लागतो. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते खणले जात आहेत, घाट बांधले जात आहेत. रामकुंडाच्या आसपासच्या चौक्यांत बसणाऱ्या पोलिसांना हरवलेल्या, लुबाडलेल्या, गर्दीत चेंगरलेल्या माणसाला कसं विचारायचं याचे दोन दिवसांचे वर्ग घ्यायला काँक्रीट लागत नाही.

एक भाग मात्र कुठल्याही ठाण्याच्या हातातला नाही. आघात नुसती मागची आठवण विस्कटत नाही, पुढे भेटणारी माणसंही वेगळी दाखवतो. विस्कॉन्सिन विद्यापीठात सेथ पोलॅक यांनी मुलांना धूसर चेहऱ्यांची चित्रं हळूहळू स्पष्ट करत दाखवली. घरात मारहाण सोसलेली मुलं रागाचा चेहरा इतरांपेक्षा कितीतरी आधी, अगदी तुटपुंज्या खुणांवरून ओळखत होती. त्यांच्या घरात ते कौशल्य जीव वाचवणारं होतं. शाळेत फळ्यावर लिहायला बाईंनी हात उचलला की तेच मूल दचकतं, शेजारच्याला ढकलतं, आणि दाखल्यावर ‘भांडखोर’ असा शेरा येतो.

आमच्या इमारतीत कुरिअर घेऊन येणारा एक मुलगा होता, पाचेक वर्षं येत असेल. माझ्या नावाची न्यायालयीन कागदपत्रं तो तिसऱ्या मजल्यावर आणून हातात द्यायचा, पावसात पाकीट शर्टाच्या आत धरून आणायचा. मंगळसूत्र गेल्यानंतर आठवड्यानं तो आला. सहीसाठी वही पुढे केली तेव्हा मला मनगटावरचा लाल-पिवळा धागा दिसला. अर्ध्या नाशिकच्या मनगटाला तो धागा असतो, माझ्या भावाच्याही आहे. मी दार त्याच्या तोंडावर लावलं आणि खाली फोन करून सांगितलं की याला वर सोडू नका.

महिन्याभरानं मी खाली जाऊन त्याची माफी मागितली. ‘काही नाही ताई, होतं असं,’ म्हणाला, आणि गाडीची किक मारली. तो अजून येतो. पाकीट वॉचमनकडे ठेवून जातो.